सोसायटीचं पाणी तुटतं तेव्हा

मुंबईत महापालिकेचा नळ घराला नसतो, इमारतीला असतो. पाणीबिलाच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथंच आहे. चाळीस फ्लॅटांपैकी छत्तीस जणांनी मेंटेनन्स वेळेवर भरला, चौघांनी थकवला, कमिटीच्या भांडणात बिल टेबलावर पडून राहिलं, तर नळ तुटतो तो चाळिसांचा. पालिकेला फ्लॅट नंबर ३०२ माहीत नाही. तिला माहीत असतो बिलावरचा सी.सी.एन., म्हणजे त्या नळजोडणीचा ग्राहक क्रमांक. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, त्यामुळे तिथलं गणित वेगळं. हे सगळं मुंबईपुरतं आहे.

आधी एक गैरसमज. मालमत्ता कराच्या बिलात ‘जललाभ कर’ नावाची ओळ असते. ती पाहून ‘पाण्याचे पैसे त्यात गेले’ असं समजणारे सेक्रेटरी कमी नाहीत. मीटरवर मोजलेल्या पाण्याचा ‘जल आकार’ निराळा आणि त्याचं बिलही निराळं. एक भरलं म्हणून दुसरं फिटत नाही. उलटं मात्र होतं: मालमत्ता कर मोठ्या प्रमाणावर थकला तर वसुलीसाठी पालिका पाणी तोडते, पाण्याचं बिल चोख भरलेलं असलं तरी. बिल्डरच्या काळातली थकबाकी अंगावर आलेल्या नव्या सोसायट्यांना याचा फटका बसतो.

पाणी तसं स्वस्त आहे. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात इमारतींना हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे आणि झोपडपट्टीला ५ रुपये २८ पैसे असा दर होता. (दर बदलतात, हिशेब करताना आपल्या ताज्या बिलावरचा आकडा घ्या.) माणशी रोज १५० लिटर आणि पाच माणसांचं कुटुंब, म्हणजे फ्लॅटला ७५० लिटरपर्यंत हा दर. त्यापुढे ७५० ते १,००० लिटरला दुप्पट, १,००० ते १,२५० ला तिप्पट, त्याच्या वर चौपट. शिवाय जल आकाराच्या ७० टक्के मलनिःसारण आकार.

चाळीस फ्लॅटांनी रोज ३० हजार लिटर वापरले तर महिन्याचा जल आकार ५,७२४ रुपये. मलनिःसारण धरून ९,७३० रुपये ८० पैसे. घरटी अडीचशेच्या आत. आता तीच इमारत, पण वापर रोज ४५ हजार. पहिले ३० हजार मूळ दराने, पुढचे १० हजार दुपटीने, वरचे ५ हजार तिपटीने. महिन्याचं बिल २१,०८३ रुपये. पाणी दीडपट झालं आणि बिल दुपटीच्या वर गेलं. वाढलेलं सगळं पाणी लोकांनी वापरलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा ते खालच्या टाकीच्या ओव्हरफ्लोतून गटारात गेलेलं असतं.

बिलाची तारीख उलटून महिना झाला की दरमहा २ टक्के अतिरिक्त आकार सुरू होतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एक लाख रुपये तीस महिने पडून राहिले तर सरळ हिशेबाने वर साठ हजार चढतात. आता गंमत पाहा: आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटी आपल्या थकबाकीदार सभासदाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावू शकते. म्हणजे सभासदाने पैसे दिले नाहीत म्हणून सोसायटीने पालिकेचं बिल थांबवलं, तर त्याच्याकडून सगळं व्याजासकट वसूल झालं तरी वर्षाला तीन टक्के सोसायटीच्या खिशातून जाणार. म्हणून पैसे अपुरे असले तर लिफ्टच्या देखभालीचा हप्ता थांबवा, गेटचं रंगकाम थांबवा, पण पाण्याचं बिल आधी भरा.

पाणी तोडण्याचा अधिकार मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २७९ खाली आयुक्तांना आहे. तोडण्याचा खर्चही ग्राहकाच्याच माथी. साधारणपणे आधी नोटीस येते. ती हातात पडली की घाबरून पैसे गोळा करण्याआधी अर्धा तास काढून ती नीट वाचावी. बघायचं ते एवढंच: नोटिशीतला सी.सी.एन. आपल्या मीटरचाच आहे का, आणि भरलेल्या पावत्यांवरही तोच आहे का. एका इमारतीला दोन-तीन जोडण्या असल्या की एकीचं बिल नियमाने भरलं जातं आणि दुसरीचं कुणाच्या लक्षातच नसतं. कधी बांधकामासाठी घेतलेली जुनी जोडणी बिल्डरने बंदच केलेली नसते आणि तिची थकबाकी आत कुठेतरी वाढत बसते. तळमजल्याला दुकानं असतील तर त्यांची जोडणी वेगळी आहे का तेही पाहा. व्यापारी दर त्याच दरपत्रकात ४७ रुपये ७५ पैसे होता, घरगुतीच्या साडेसातपट.

त्यानंतर मीटर. मीटरची खोली बंद होती, झाकणावर कुणाची तरी गाडी उभी होती, काच धुरकट झाली होती, अशा कारणांनी वाचन झालं नाही की सरासरीने बिल येतं. पुढे खरं वाचन झालं की सगळा फरक एकदम कोसळतो. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर हा वाद उभाच राहत नाही. फोटोत मीटरचा नंबरही दिसला पाहिजे, नुसते आकडे दाखवून कुणी ऐकत नाही.

बिल फुगलेलं वाटत असेल तर गळती तपासा, आणि ती योग्य वेळी तपासा. मुंबईत पाणी काही तासच येतं, त्यामुळे दुपारी कोरड्या लाइनवर मीटर बघून काही कळत नाही. पाणी येण्याच्या वेळेत खालच्या टाकीजवळचा, बॉलकॉकच्या (टाकी भरली की फुग्याने आपोआप बंद होणाऱ्या नळाच्या) आधीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मीटरच्या काचेखालची बारीक चांदणी बघा. ती फिरत राहिली तर मीटर आणि टाकी यांच्यामधली पाइपलाइन फुटलेली आहे. थांबली तर व्हॉल्व्ह उघडा, टाकी भरू द्या, आणि भरल्यावर बॉलकॉक खरंच बंद होतो का ते डोळ्यांनी पाहा. पहाटे चारला पाणी येणाऱ्या इमारतीत हे कुणी बघितलेलंच नसतं. बॉलकॉकचा वॉशर झिजला किंवा फुग्यात पाणी शिरून तो जड झाला की टाकी भरूनही पाणी चालूच राहतं. मिनिटाला १० लिटर, रोज अडीच तास, असं धरलं तर महिन्याला ४५ हजार लिटर. तिप्पट दराच्या टप्प्यात आणि मलनिःसारण धरून हे साधारण १,४६० रुपये होतात. वॉशर त्या मानाने किरकोळ किमतीचा.

टाकीच गळते का हे पाहायला पाणी बंद असण्याच्या वेळी पंप बंद ठेवून भिंतीवर खडूने पातळीची खूण करा आणि दोन तासांनी बघा. ३ मीटर बाय ४ मीटरच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे १२० लिटर गेले.

लाइन ठीक, बॉलकॉक ठीक, तरी आकडे जुळत नाहीत? मग मीटरवर संशय घ्यायला हरकत नाही. पाणी थांबून थांबून येतं तिथे पाइपात हवा भरते, आणि पाणी सुटताना ती हवाही मीटर फिरवून जाते. वॉर्ड ऑफिसात सहायक अभियंता, जलकामे यांच्याकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. सोबत सी.सी.एन., मागच्या बिलांच्या प्रती, फोटो. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. अर्ज दिला म्हणून २ टक्के थांबत नाहीत. वाद नसलेली रक्कम अंशतः भरून घेतील का हे तिथेच विचारा आणि घेत असतील तर लगेच भरा.

आता अभय योजना. १५ फेब्रुवारी २०२० ला पालिकेने ती सुरू केली आणि नंतर पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली. तिच्यात माफ होतो तो वरचा अतिरिक्त आकार, मूळ जल आकार नाही. वरच्या उदाहरणातले साठ हजार सुटतील, लाख भरावेच लागतील. जुनी थकबाकी असलेल्या सोसायटीने योजना चालू आहे का हे विचारून, असल्यास परिपत्रक वाचूनच पैसे भरावेत, कारण आधी दंडासकट भरून टाकलेले पैसे मागाहून परत मिळण्याची आशा धरू नये. पण पुढची योजना येईल म्हणून बिल थकवणं हा जुगार आहे. मधल्या काळात नळ तुटला तर दहा हजार लिटरच्या टँकरला काही हजार मोजावे लागतात. तेवढंच पालिकेचं पाणी मूळ दराने, मलनिःसारण धरून, १०८ रुपयांना पडतं.

माझं या योजनेबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. ती कोण किती गरीब हे विचारत नाही, कोण किती काळ थांबला एवढंच पाहते. वेळेवर भरणाऱ्याला काही नाही, आणि ज्याच्याकडे मुद्दलच नाही त्यालाही काही नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २०१७ मध्ये दुसरी वाट धरली. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत असेल तर पाण्याचं बिल वापरावर नाही, कमाईच्या २ ते ३ टक्के असं ठरतं, आणि जुनी थकबाकी बाजूला ठेवतात. चोवीस बिलं पूर्ण भरली की ती माफ होते. डेट्रॉइटने २०१४ मध्ये हजारो घरांचे नळ तोडले आणि जगभर बोलणी खाल्ली. २०२२ मध्ये तिथे गरीब घरांसाठी महिना १८ डॉलरपासूनची योजना आली. इंग्लंडमध्ये तर १९९९ च्या कायद्यापासून राहत्या घराचं पाणी बिलापोटी तोडताच येत नाही. हे तिथे जमतं कारण बिल त्या घराचं असतं. मुंबईत एका मीटरमागे चाळीस घरं आहेत, मग कुणाचं उत्पन्न धरणार? आणि हाच प्रश्न झोपडपट्टीतल्या सामायिक नळाला जास्त टोचतो. तिथे पाच-दहा घरांत एक जोडणी असते, बिल एकाच्या नावावर येतं, आणि दोघं गावी गेले की त्यांच्या वाट्याचे पैसे उरलेल्यांनी घालायचे. १५ डिसेंबर २०१४ ला पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. पण तो निकाल अनधिकृत वस्त्यांना पाणी देण्याबद्दल होता, बिलमाफीबद्दल नव्हे. नोटिशीला उत्तर म्हणून तो पुढे करून फायदा नाही.

मग त्या चार थकबाकीदारांचं काय? त्यांच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करायचा मोह प्रत्येक कमिटीला होतो. तो करू नका, पाणी ही जीवनावश्यक सेवा आहे आणि कोर्टात सोसायटीच अडचणीत येते. सरळ मार्ग म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. वेळ लागतो, पण दाखला हातात आला की जप्तीपर्यंत जाता येतं. अर्ज करताना पाण्याची वाटणी उपविधीप्रमाणे, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर केलेली असली पाहिजे. ‘माणसं मोजून’ किंवा सरसकट सारखी वाटणी केली असेल तर थकबाकीदाराचा वकील नेमकं तेच पकडतो.

पागडीच्या इमारतीत चित्र वेगळं. तिथे बिल मालकाच्या नावावर असतं आणि भाडेकरूंना बाहेर काढायचं असलं की ते मुद्दाम थकवलं जातं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी तोडता येत नाही, आणि त्याच्या चुकीमुळे पालिकेने तोडलं तरी ते मालकानेच रोखलं असं धरतात. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून पाणी पूर्ववत करण्याचा आदेश मागू शकतात. भाड्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या असल्या तर हे प्रकरण पुष्कळ सोपं जातं.

पाणी तुटलंच तर कुठे तोडलंय ते लगेच बघा. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून सील केला असेल किंवा पाइपाचा तुकडा काढून नेला असेल, तर पैसे भरल्यावर काम लवकर होतं. मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपाशी, म्हणजे आपली जोडणी वाहिनीला जिथे जोडलेली असते तिथे तोडलं असेल तर रस्ता खोदावा लागतो, त्याची परवानगी आणि आकार वेगळा, परवानाधारक प्लंबर लागतो, आणि पावसाळ्यात खोदाईची परवानगी मिळणं कठीण. मे महिन्यात आलेली नोटीस म्हणूनच हलक्यात घेऊ नये.

जोडणी परत मिळाली की पाणी सोडण्याआधी मीटरच्या आकड्यांचा फोटो घ्या, तुटलेल्या काळातलं सरासरी बिल आलं तर तोच दाखवायचा. पहिलं पाणी गढूळ येतं, ते टाकीत घेऊ नका. बॉलकॉकच्या आधी नळ असेल तर तिथून पाणी स्वच्छ होईपर्यंत बाहेर सोडा, मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडा.