तुम्ही विचारलंत म्हणून: राष्ट्रपतींचे यजमान

मी मूळचा अमरावतीचा, पोट भरतो पुण्यात, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवून. त्यामुळे राष्ट्रपतींबद्दलचं कलम ५२ ते ६२ फळ्यावर आलं की दरवर्षी कोणीतरी हात वर करतंच, सर तुम्ही अमरावतीचे ना, मग प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या तेव्हा त्यांचे मिस्टर तिथं काय करायचे? की मागच्या बाकावर खसखस सुरू. लग्नाकार्यात पण हाच प्रश्न, फक्त विचारणाऱ्याच्या हातात ताट असतं.

तर एकदाच काय ते लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

घटनेपुरतं उत्तर एका ओळीत संपतं. राष्ट्रपतीचं वय किती पाहिजे, शपथ कशी घ्यायची, घरभाडं लागणार नाही, सगळं लिहिलंय, पण राष्ट्रपतीच्या नवऱ्याबद्दल किंवा बायकोबद्दल अक्षर नाही. पगार नाही, शपथ नाही. पेन्शनच्या कायद्यात जोडीदाराचा उल्लेख आहे, तोही मुख्यतः राष्ट्रपती वारल्यावर निम्मी पेन्शन मिळते त्यासाठी. म्हणजे सरकारदरबारी तुमची दखल घ्यायची ती विधवा किंवा विधुर झाल्यावर, असला प्रकार.

मग प्रश्न येतो हाक काय मारायची. २००७ मध्ये ‘राष्ट्रपत्नी’ म्हणायचं का यावर कोट्या करून झाल्या, पेपरवाल्यांनी नवऱ्याला ‘फर्स्ट जंटलमन’ करून टाकलं. माझी आजी असती तर म्हणाली असती यात काय अवघड आहे, राष्ट्रपतींचे यजमान! आणि मला तर वाटतं इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत नसेल, कारण परदेशी पाहुणा आला की हा माणूस तिथं खरोखरच यजमान म्हणून उभा. राष्ट्रपती पाहुण्या अध्यक्षांसोबत पुढं, त्यांची बायको असेल तर तिच्यासोबत हा, फोटोत एका कडेला, रात्री मेजवानी. नोव्हेंबर २०१० ला ओबामा नवरा-बायको आले होते तेव्हाचे फोटो काढून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

आता माणसाबद्दल. डॉ. देवीसिंह शेखावत, घराणं मूळचं राजस्थानातल्या सीकरकडचं, पण माणूस आमच्या अमरावतीचा. केमिस्ट्रीचे, १९७२ ची मुंबई विद्यापीठाची पीएचडी. विद्याभारती ही शिक्षण संस्था दोघा नवरा-बायकोनी मिळून काढलेली, तिच्या कॉलेजात ते प्राचार्य, पुढं १९८५ ते ९० आमदार, नंतर अमरावतीचे महापौर. म्हणजे बायकोच्या पदावर बसून खाणारा माणूस नव्हे हे मुलांना आधी सांगावं लागतं.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती तारीख. लग्न ७ जुलै १९६५. प्रतिभाताई १९६२ लाच जळगावातून निवडून आलेल्या, सत्तावीस वर्षांच्या असताना. म्हणजे या माणसानं लग्नच आमदाराशी केलं. त्यानंतर त्या १९६७ पासून चार वेळा एदलाबादमधून निवडून आल्या, जे जळगाव जिल्ह्यात, आणि सासर अमरावतीत, मधे अख्खा बुलडाणा-अकोला, बडनेऱ्याहून गाडीत बसा आणि झोप काढा. मंत्री, विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, राजस्थानच्या राज्यपाल. राष्ट्रपती भवनात जायच्या आधी बेचाळीस वर्षं त्यांची प्रॅक्टिस झालेली होती, ‘ताईंचे मिस्टर’ असण्याची.

आणि एक गोष्ट कोणी बघतच नाही, नाव बघा ना. प्रतिभा देवीसिंह पाटील. पाटील हे माहेरचं, वडील नारायणराव पाटील. आपल्याकडं लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही सासरचं, इथं मधलं तेवढं नवऱ्याचं. त्या राष्ट्रपती होत्या तोवर त्यांच्या सहीच्या कागदावर, नेमणुकीच्या आदेशावर हा माणूस होता आणि कुठं होता तर मधे, जिथं वाचताना बहुतेक जण इनिशियलवर भागवतात.

जर्मनीत अँगेला मेर्कल २००५ ला चॅन्सेलर झाल्या (अध्यक्ष नव्हे, माहितीये, कमेंटमध्ये सुधारू नका), त्यांचे यजमान योआखिम झाउअर, तेही केमिस्ट्रीचे प्रोफेसर, ते तर शपथविधीलाच गेले नाहीत, टीव्हीवर पाहिला. आपल्याकडं असं केलं असतं तर महिनाभर ‘घरात भांडण आहे का’ चाललं असतं.

बरं हा प्रश्न मला बायकांबद्दल कधीच कोणी विचारला नाही. वीस वर्षांत एकदा पण नाही की सर, राजवंशीदेवी राजेंद्र प्रसादांच्या वेळी काय करायच्या? उषा नारायणन मूळच्या ब्रह्मदेशच्या, परदेशी मुलीशी लग्न करायला नारायणन साहेबांना फॉरेन सर्व्हिसमध्ये असल्यामुळं नेहरूंची खास परवानगी लागली होती, हे पण मीच आपणहून सांगतो. बेगम आबिदा अहमद तर नवरा पदावर असताना गेला आणि नंतर स्वतः बरेलीतून लोकसभेत गेल्या. यांच्याबद्दल शांतता. बायको मागं उभी आहे यात विचारण्यासारखं कोणाला काही वाटत नाही, नवरा उभा राहिला की याला करमत कसं असेल ही चिंता.

आणि चिंता का, तेही सांगतो, कारण आपण दुसरा नमुना घरोघरी पाहिलाय. माझी मावशी दर्यापूरकडं सरपंच होती, महिला आरक्षण आलं त्यानंतर काही वर्षांनी. सरपंच मावशी, पण शिक्का काकांच्या बंडीच्या खिशात. दाखला पाहिजे तर काकांना गाठायचं, मग ते शेतात असोत नाहीतर सलूनमध्ये, बंडीतून ती डबी निघायची, शिक्क्यावर तोंडानं हाऽऽ करून वाफ मारायचे कारण पॅड वाळलेलं, आणि ठप्पा. एकदा कोणी साहेब आले तर लोकांनी हार काकांच्या गळ्यात घातला, काकांनी घालून घेतला, मावशी आत चहा गाळत होती. वाईट माणूस नव्हता हो, पण खिसा सोडवत नव्हता.

म्हणून शेखावत सरांनी काय केलं याचं माझं उत्तर असं, की पाच वर्षं समोर दिसत राहिले आणि तरी ती खुर्ची त्यांची आहे असं कोणाला वाटलं नाही. स्वतः आमदार, महापौर राहिलेल्या माणसाला हे सोपं जात असेल असं मला वाटत नाही. २४ फेब्रुवारी २०२३ ला पुण्यात गेले, ८९ वर्षांचे होते.

२५ जुलै २००७ ला मी गावीच होतो. मावशीकडं टीव्ही लावलेला, शपथविधी चालू, आम्ही सगळे आपल्या अमरावतीची सून म्हणून खूश, काका बाजेवर पडून बघत होते. मावशी दारातून बघत उभी राहिली, हाताला पीठ, आणि सगळं झाल्यावर मला हळूच म्हणे,

“अन् काय रे, शिक्का कोनापाशी रायते तिथं?”