खर्जातला गंधार

संगीताचा तास आठवड्यातून दोनदा असायचा, आणि पाचवीत पहिले कितीतरी तास आम्ही गायलोच नाही. बाई तंबोरा लावायच्या. आम्ही सगळी मुलं मांडी घालून बसलेली, बाहेर गिरगावच्या रस्त्यावर बसचे आणि टॅक्सींचे हॉर्न, आणि बाई खुंटी पिळताहेत, मणी सरकवताहेत, पुन्हा तार छेडताहेत. मग म्हणायच्या, "खर्जाची तार ऐका. ती सगळ्यात खालचा सा म्हणतेय, पण तिच्या पोटात एक गंधार, म्हणजे ग, आहे. तो कोणी लावलेला नाही, आपोआप येतो. ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करा."

एकेक हात वर जायला लागला. मला काही केल्या ऐकू येईना. शेवटी एका तासाला मीही हात वर केला. बाईंनी जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "म्हणून दाखव." मी पंचम, म्हणजे प, म्हटला. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. "नाही आला ऐकू तर नाही म्हणायचं, बाळ. शनिवारी शाळा सुटल्यावर थांब."

शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये त्या एकच तार छेडत राहिल्या. काही समजावलं नाही, कंटाळल्या नाहीत. मी डोळे मिटून बसले होते. सा विरायला लागला की त्याच्या वर काहीतरी हळूच उगवत होतं. मी ते गुणगुणले. बाई म्हणाल्या, "हाच."

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकाच्या संपादकांनी मला हार्प या बोटांनी छेडायच्या उभ्या तंतुवाद्याच्या कारकिर्दीबद्दल लिहायला सांगितलं आहे. माझ्यापुरती ती त्या शनिवारी सुरू झाली. पुढचं थोडक्यात सांगते. गाणं चालू ठेवलं, गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीत विशारद झाले. बाविसाव्या वर्षी नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात एका मैफलीत समोर हार्प पाहिली आणि त्या रात्री झोप लागली नाही. मग वेल्समधल्या कार्डिफला जाऊन शिकले, आणि परत मुंबईत आले. आज ऑर्केस्ट्रात, वांद्र्याच्या चर्चमधल्या लग्नांत, रेकॉर्डिंगला वाजवते, मैफलीत गाते आणि घरी मुलांना शिकवते.

हार्प म्हणजे मोठं स्वरमंडळ (गाताना मांडीवर घेऊन छेडतात ते तारांचं वाद्य) का, असं मला नेहमी विचारतात. दिसायला नातं आहे, पण आतली रचना वेगळी. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात. सा कुठला आणि म कुठला हे बोटांना सापडावं म्हणून सा-च्या तारा लाल आणि म-च्या काळ्या (पांढरी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, आमचा सा मानला तर). खाली सात पेडल, प्रत्येक स्वराला एक. डाव्या पायाला रे, सा, नी आणि उजव्याला ग, म, प, ध. पेडल वरच्या खाचेत असलं की तो स्वर सगळ्या सप्तकांत अर्ध्या सुराने उतरतो, मधल्या खाचेत शुद्ध राहतो, खालच्या खाचेत अर्ध्या सुराने चढतो. आपल्याकडे सा आणि प अचल, इथे तेही हलतात! ही दुहेरी पेडलची रचना फ्रेंच वाद्यनिर्माते सेबास्तियाँ एरार यांनी १८१० साली पेटंट केली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे.

कार्डिफला सरावाच्या खोलीत एका संध्याकाळी मी पेडलांशी खेळत होते. म वरच्या खाचेत नेला, म्हणजे तो ग-मध्ये मिसळला. नी खालच्या खाचेत नेला, तो सा झाला. बाकीचे पाच शुद्ध. मग वरपासून खालपर्यंत नुसता हात फिरवला आणि सगळ्या तारांतून भूप, म्हणजे म आणि नी नसलेला राग, बरसला. एकही चुकीचा स्वर लागणं शक्यच नव्हतं. बाईंनी आम्हाला पहिला राग शिकवला तो भूप. मी रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

वेल्समध्ये हार्पसोबत गाण्याची एक जुनी पद्धत आहे, केर्द दांत. हार्प आधी एक चाल सुरू करते, गाणारा नंतर वेगळी चाल घेऊन आत येतो, आणि दोघं एकाच वेळी संपवतात. समेवर येण्याची सवय असलेल्या मला ते परकं वाटलंच नाही. आणि हे वाद्यही आपल्याला तसं परकं नाही. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा आहे, ती धनुष्यासारखी वाकलेली, पडदे नसलेली आहे. ती हार्पच्याच कुळातली.

मुंबईत हार्प सांभाळणं मात्र कष्टाचं आहे. वजन चाळीस किलोच्या आसपास, जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही, प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पो आणि दोन माणसं. मधल्या तारा आतड्याच्या, म्हणजे तात. दमट हवेने त्यांचा सूर ढळतो, आणि जूनमध्ये मध्यरात्री फट्‌कन एखादी तुटल्याचा आवाज येतो. रोज सकाळी ४७ तारा लावल्याशिवाय मी वाजवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही आधी लावायलाच बसवते. काही पालकांना ते आवडत नाही, परीक्षेची घाई असते. मी बदललेलं नाही.

गेल्या दिवाळीत लहान, ३४ तारांची हार्प घेऊन डोंबिवलीला बाईंकडे गेले. त्यांचा हात आता थरथरतो. मी भूप वाजवला, त्यांनी बंदिशीचे शब्द हळू आवाजात धरले. संपल्यावर म्हणाल्या, "खालचा सा कुठला?" मी दाखवला. त्यांनी एका बोटाने तो छेडला, कान लाकडाला लावला आणि तार पूर्ण विरेपर्यंत तशाच थांबल्या.

"हिच्यातही आहे गं," म्हणाल्या.

अमृतमहोत्सवाच्या दिवशी मोठी हार्प शाळेच्या हॉलमध्ये आणणार आहे. बाईंना आणण्याची जबाबदारीही माझीच. कार्यक्रम सहाला आहे, पण पाचवीच्या मुलांना पाचलाच पाठवा, अशी मुख्याध्यापिकांना विनंती केली आहे. हार्प लावताना ती समोर बसलेली हवीत.