हिमेजीचा किल्ला एका दिवसात, रेल्वेनं

ओसाकात नोकरीला आल्यापासून भारतातून येणारे नातेवाईक आणि ओळखीचे मला एक गोष्ट हमखास विचारतात: मुक्काम ओसाकात आहे, हातात एकच दिवस आहे, तर हिमेजीचा किल्ला रेल्वेनं बघून संध्याकाळी परत येता येईल का? त्यातले निम्मे पुढे विचारतात, आईवडिलांना वर चढवेल का? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आरामात जमतं. ओसाका स्टेशनवरून ‘शिन-काइसोकु’ नावाची जलद गाडी तासाभरात हिमेजीला पोचवते. आरक्षण लागत नाही, साधं तिकीट काढायचं आणि बसायचं. शिनकानसेननं वेळ निम्मा लागतो, पण तिच्या वाटेवर बोगदेच फार. या गाडीत डाव्या हाताची खिडकी धरा. कोबे मागे पडलं की समुद्र रुळांच्या अगदी जवळ येतो आणि माइकोला आपण आकाशी सामुद्रधुनीवरच्या झुलत्या पुलाखालून जातो. त्याच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,९९१ मीटर आहे. तो पूल बघायला तरी याच गाडीनं जा.

सकाळी लवकर निघा, हे मात्र आग्रहानं सांगते. पहिल्या खेपेला मी साडेचारला दाराशी पोचले आणि बाहेरूनच परतले, कारण शेवटचा प्रवेश साधारण चारला असतो. तो दिवस गेल्याची हळहळ मला अजून वाटते.

हिमेजी स्टेशनच्या उत्तरेच्या दारातून बाहेर पडलात की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाशी टेकडीवर तो पांढरा किल्ला. अंतर किलोमीटरभर. बस आहे, पण चालतच जा. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात या किल्ल्याभोवतीचं शहर जळून गेलं. किल्ल्यावरही आगीचा बॉम्ब पडला होता, तो पेटला नाही. म्हणून १६०९ साली इथला सरदार इकेदा तेरुमासा यानं पुरं केलेलं ते लाकडी काम आज आपल्याला दिसतं. जपानातले कितीतरी प्रसिद्ध किल्ले पुन्हा सिमेंटमध्ये उभे केलेले आहेत, हा तसा नाही.

आत गेल्यावर बहुतेक लोक चूक करतात ती इथे: सगळे बालेकिल्ल्यातल्या मनोऱ्याकडे धावतात. खरा किल्ला वाटेत आहे. मनोरा समोर, हाताच्या अंतरावर दिसतो आणि वाट तुम्हाला उलट दिशेला नेते. पुन्हा वळवते, अरुंद करते, उतारालाही लावते. दरवाज्यांना जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमानं नावं आहेत: इ, रो, हा, नि, हो. ‘हो’ तर एवढा बुटका की एका वेळी एकच माणूस वाकून जाईल. तटाच्या भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या, म्हणजे आतून मारा करायची भोकं, आहेत. आपल्या रायगडाचा गोमुखी महादरवाजा ज्यानं पाहिला आहे त्याला हे डोकं लगेच ओळखू येईल: शत्रूला अडवायचं, वळवायचं आणि तेवढ्या वेळात वरून मारायचं. प्रत्येक जंगीतून वाकून बघा. आपण आत्ता आलो ती वाट नेमकी तिच्या टप्प्यात दिसते, आणि अंगावर काटा येतो.

मनोऱ्यात बूट काढून पिशवीत धरावे लागतात. बाहेरून पाच मजले दिसतात, आत तळघर धरून सात. जिने शिडीसारखे उभे, लाकूड पावलांनी गुळगुळीत झालेलं. मोजे जाड नसतील तर घसरायला होतं.

आता आईवडिलांचं. माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती दरवाज्यांपर्यंत सावकाश आली आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी म्हणाली, “तू जा वर, मी बसते.” मी नाही गेले. आम्ही दोघी पश्चिमेकडच्या तटाला लागून असलेल्या लांब लाकडी ओवरीत गेलो. सेन-हिमे किल्ल्याच्या याच भागात राहायची. जपानची सत्ता हाती घेणाऱ्या तोकुगावा इएयासुची नात. सातव्या वर्षी लग्न होऊन ती ओसाकाच्या किल्ल्यात गेली, आणि १६१५ साली तिच्या आजोबांच्याच फौजेनं तो किल्ला जिंकला, नवरा गेला. पुढे होंडा घराण्यात दुसरं लग्न होऊन ती हिमेजीला आली.

सकाळी आम्ही ज्या शहरातून निघालो होतो तिथलीच ही गोष्ट. आई बराच वेळ खिडकीच्या गजांपाशी उभी राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सगळं संपल्यावर ती इथे आली.” चारची गाडी धरायची ठरली होती, ती आम्ही सोडली.