१९ सेकंद

माझ्या चार मिनिटांच्या गाण्यातले १९ सेकंद मागच्या महिन्यात एका मालिकेत वाजले. ज्या ओळीसाठी मी तीन आठवडे डोकं फोडलं होतं, ती त्यात नाही. शब्दच नाहीत. एक बाई रिकाम्या घरात शेवटचं खोकं भरतेय आणि मागे नुसती माझी गिटार.

रुसायचं ठरवलं होतं, पण हिशोब केल्यावर हसू आलं. माझं गाणं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेला प्रकार. तोही बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा; बार म्हणजे ठोक्यांचा एक गट. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे ४८. माझी लय मिनिटाला ६० ठोक्यांची, म्हणजे एक फेरी पूर्ण व्हायला ४८ सेकंद. त्यात ब्लूजची रीत अशी की पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि मग तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. त्या उत्तरासाठी थांबायला कुठल्या दृश्याला सवड आहे? पाचव्या बारला, म्हणजे सोळा सेकंदांनी, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलला, बाईनं खोक्याला चिकटपट्टी लावली आणि तीन सेकंदांत कट. बदललेला कॉर्ड लोंबकळत राहिला. खरं सांगू? मी लिहिलेल्या शेवटापेक्षा ते बरं वाटलं.

या गाण्यात गिटार अशी लावलीय की सहाही तारा मोकळ्या छेडल्या की डी मेजर हा कॉर्ड वाजतो. करंगळीत काचेची नळी, ती तारांवरून सरकवायची. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जी जागा पेटीवर सापडत नाही, तिथे ही नळी आरामात जाऊन बसते. संवादाखाली आवाज गायला लागला की प्रेक्षकाचे कान फाटे फोडतात, इकडे ऐकू की तिकडे. नळीचा सूर मात्र बोलणाऱ्याच्या आड येत नाही. म्हणून आता प्रत्येक गाण्याची बिनशब्दांची आवृत्ती आणि सुटे ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं ध्वनिमुद्रण, मी त्याच दिवशी काढून ठेवते. हे शहाणपण एक काम हुकल्यावर आलं.

कागदांचंही तसंच. चित्रपटात किंवा मालिकेत गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: रचनेची एक, ध्वनिमुद्रणाची दुसरी. माझ्याकडे दोन्ही असल्यामुळे एका मेलमध्ये होकार देता येतो आणि मोठ्या नावांपुढे माझी एवढीच काय ती सरशी. यावेळी तीही जाणार होती, कारण हार्मोनिका वाजवणाऱ्या मित्राकडून सही घ्यायची राहिली होती. रात्री पावणेबाराला त्याला उठवलं. 'तू आहेस म्हणून,' म्हणाला आणि सही करून परत झोपला.

एवढं करून क्यू शीटवर, म्हणजे कुठलं गाणं किती सेकंद वाजलं आणि ते कोणाचं हे लिहितात त्या तक्त्यावर, माझं आडनाव चुकलेलं. पुनःप्रसारणाचं मानधन त्याच तक्त्यावरून वाटलं जातं. दुरुस्तीसाठी चार मेल गेले.

अशा वेळी मला जेम्स कार्टर आठवतो. १९५९ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं मिसिसिपीच्या तुरुंगात लाकडं फोडणाऱ्या कैद्यांचं गाणं टेप केलं, त्यात पुढे गाणारा हा. २००० साली तेच ध्वनिमुद्रण एका गाजलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला वाजलं, अल्बम लाखांनी खपला. माणसं त्याला शोधत शिकागोला पोचली आणि हातात २० हजार डॉलरचा चेक ठेवला. त्याला ते गाणं गायल्याचं आठवतही नव्हतं. लोमॅक्सच्या नोंदींत नाव होतं म्हणून निदान शोधता तरी आला. लोकगीत कोणाचंच नसतं म्हणतात, पण त्या दिवशी गाणारा गळा कोणाचा तरी असतो.

परवा तो भाग हेडफोन लावून पुन्हा ऐकला. अकराव्या सेकंदाला 'कुईं' असा आवाज येतो. ती माझी खुर्ची. ध्वनिमुद्रण घरीच केलेलं, आणि मी मिक्समध्ये तो आवाज काढायला विसरले होते. पडद्यावर नेमकी तेव्हाच ती बाई कपाटाचं दार लोटते. संकलकाला विचारलं, तर तो म्हणाला, 'दाराचा आवाज इतका छान बसला होता, मी हातच लावला नाही.'