केबल जोडली आणि संगणक बंद पडला
काल रात्री संगणकाची प्रणाली अपडेट केली आणि आज सकाळी, आईसाठी मोठ्या अक्षरांत टंकलेली तिच्या जात्यावरच्या ओव्यांची फाइल ई-रीडरवर घालण्यासाठी यूएसबी केबल जोडली, तोच पडदा गोठला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. केबल बदलली, तरी तीन वेळा हेच घडले. अर्ध्या तासाचे टंकलेखन गेले, याचे फार वाईट वाटले.

यूएसबी उपकरण जोडताच ते आपली ओळख सांगते आणि त्यावरून प्रणाली ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, निवडते; असे अनेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये चालत असल्याने तिथली एक चूकही सगळा संगणक थांबवू शकते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना, बिल गेट्स यांच्यासमोरच, स्कॅनर जोडताच संगणक कोसळला होता. इतक्या वर्षांनंतर तरी, लोकांच्या घरांतली जुनी उपकरणे जोडून पाहिल्याशिवाय कोणतेही अपडेट पाठवू नये, असे मला कळकळीने वाटते.

दुपारी ते अपडेट काढून टाकले, फाइल लगेच गेली. संध्याकाळी आईने चष्मा न लावता पहिली ओवी वाचली.