अर्धी टाकी

"भाऊ, भरल्या टाकीले भेऊ नका, अर्ध्या टाकीले भ्या." वेल्डिंगच्या दुकानातल्या मिस्त्रींचे हे वाक्य आज यवतमाळहून गावी परतेपर्यंत डोक्यातून गेले नाही.

घरी पाणी आणण्यासाठी २००० लिटरच्या टाकीची दोन चाकी ट्रॉली घ्यायची होती आणि मी फक्त किंमत नि टायर पाहत होतो. एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे नुसते पाणीच २ टन, हा हिशेब मला ठाऊक होता. परंतु टाकी अर्धी असताना उतारावर ब्रेक दाबला की पाणी पुढे धावते आणि सगळा धक्का ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, हे मी कधी लक्षातच घेतले नव्हते. मिस्त्रींनी एका जुन्या ट्रॉलीची, ती ट्रॅक्टरच्या हुकाला जोडणारी पिन माझ्या हातात दिली. ती मधोमध झिजून करंगळीएवढी बारीक झाली होती आणि तिच्या टोकाला खटक्याऐवजी तारेचा तुकडा पिळलेला होता.

शेवटी पाणी एकदम पुढे धावू नये म्हणून आत आडवे पत्रे असलेली, आणि पुढचा थोडा भार हुकावर राहावा म्हणून चाके मध्याच्या किंचित मागे घेतलेली ट्रॉली मी ठरवली. पैसे जास्त गेले, त्याचे वाईट वाटत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे मुले टाकीवर बसूनच येतात. तुमच्या ट्रॉलीची पिन काढून पाहिल्याला किती दिवस झाले?