मंगळवेढ्याच्या वाटेवरची प्रार्थना

सोलापूर सोडून पंढरपूरला निघालेली पालखी देगावच्या पुढं लागली की पहिला तासभर प्रार्थना लागत नाही. पिशवीचा पट्टा काचत असतो, मागून ट्रकचे भोंगे, आणि आपल्याच दिंडीतला कुणीतरी सारखा रांग मोडून पुढं घुसतो. मी ख्रिस्ती, शेजाऱ्यांच्या दिंडीसोबत चालणारा. टाळ त्यांचे, नामघोष त्यांचा, माझ्या खिशात नव्या कराराचं स्तोत्रांसह छापलेलं छोटं पुस्तक. या तासात लांबलचक प्रार्थना करायला जाऊ नये. ओठांवर स्तुती येते आणि मन त्या घुसणाऱ्यावर असतं. त्यापेक्षा आहे तसं सांगावं: प्रभू, या माणसाचा मला राग आलाय.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं वर चढून जाण्याची. यरुशलेमेला सणासाठी निघालेले लोक ती म्हणत, असं मानतात. त्यातलं पहिलंच तक्रारीचं आहे: लबाड ओठ, शांतता नको असलेली माणसं. डोंगर दिसतात ते 121 मध्ये. नम्रतेचं 131 वं बरंच पुढं, आणि ते तीनच ओव्यांचं. म्हणून मी ही स्तोत्रं क्रमानं घेतो, आवडीची निवडत नाही. निवडायला लागलं की माणूस स्वतःला शोभणारीच निवडतो.

तिऱ्ह्याला सीना नदी ओलांडली की पाय आपोआप पडू लागतात. मग छोटी प्रार्थना धरायची: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पापी माणसावर दया कर." पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांत ती शतकानुशतकं चालत आली आहे. तिच्यात येशूच्या दृष्टांतातल्या, मंदिरात दूर उभ्या राहिलेल्या जकातदाराची हाक आहे आणि यरीहोच्या वाटेवर येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाचीही. पुत्रापर्यंतचे शब्द श्वास घेताना, उरलेले सोडताना. सपाटीला दोन्हीकडं चार-चार पावलं, चढाला तीन. श्वास ओढून शब्दांत बसवायचा नाही, भोवळ येते. शब्दच श्वासामागून जाऊ द्यावेत. ओठ हलले तरी पुरे, आवाज नको.

तेच तेच म्हणणं ही वटवट नव्हे का? येशूनं निष्फळ बडबड करू नका म्हटलं, ते पुष्कळ बोललं की देव ऐकतो अशा समजुतीबद्दल. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असं मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो. घसरण ओळखायची खूण सोपी आहे. किती वेळा झालं हे मोजावंसं वाटलं की थांबावं, एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी एकच गोष्ट मागावी, आणि मग पुन्हा धरावं.

कामतीच्या पुढची दुपार मात्र फोडांची. काँक्रीटचा रस्ता उन्हात तापतो, वरून पावसाची एक सर येते, मोजे ओले होतात आणि ओली कातडी टाचेला घासत राहते. फोड येतो तो घासण्यानं आणि ओलीनं. किती अंतर चाललात हे दुय्यम. लिंबाखाली बसलो होतो. अक्कलकोटकडची एक आजी तुळस खाली ठेवून जवळ आली.

"पाय हिकडं कर, माऊली."

"राहू द्या आजी, मी बघतो."

"तुला टाच दिसतीय व्हय?"

काडीच्या जाळावर सुई धरली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या खालच्या कडेनं आरपार काढला आणि दोन्हीकडं बोटाच्या पेराएवढा ठेवून तोडला. पाणी दोऱ्यानं झिरपून गेलं. वरची कातडी तिनं अजिबात काढली नाही. ती काढली की खालचं मांस उघडं पडतं आणि पुढचा टप्पा संपतो. (दोरा आत ठेवू नका, त्यातून जंतू जातात, असं डॉक्टर सांगतात. पाणी निघालं की दोरा काढून स्वच्छ पट्टी बांधावी. न दुखणारा फोड फोडूच नये.) नाव नाही, गाव नाही, कुठली दिंडी ते नाही, काहीच विचारलं नाही. काम झाल्यावर माझ्या पावलांना हात लावून तिनं तो कपाळाला लावला आणि तुळस डोक्यावर घेऊन चालू लागली.

येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्र म्हणाला होता, माझे पाय तू कधीही धुणार नाहीस. ऐकायला ते नम्र वाटतं. पण "राहू द्या, मी बघतो" हे प्रार्थनेत आलं की प्रार्थना तिथंच अडते, कारण मागणारा अजून आपली टाच लपवतोय. फार सोज्वळ शब्दांत, स्वतःला धुळीची धूळ म्हणत केलेल्या प्रार्थनेत बरेचदा नेमकं मागणंच नसतं. जकातदारानं वर पाहायचं धैर्य केलं नाही, तरी ऊर बडवून एक गोष्ट मागितलीच: दया. सोर व सीदोनकडची ती कनानी बाई पाहा. मुलीसाठी आली; येशू आधी गप्प, शिष्य म्हणतात हिला घालवा, वर मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये अशी उपमा. तिनं ती जागा मान्य केली आणि तिथूनच मेजाखालचा चुरा मागितला. खाली बसली, पण दार सोडलं नाही. नम्रता आणि कळकळ या दोन वेगळ्या पायऱ्या मला वाटत नाहीत ते तिच्यामुळं.

माचणूरला भीमा भरून वाहत होती. मंगळवेढा गर्दीत गेलं. चोखोबांचं गाव म्हणून वेशीपाशी थांबलो, तेवढंच.

कळकळीनं मागायचं, पण कुठवर? लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाला सोडतच नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे सलणारा एक त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. माझी कृपा तुला पुरे आहे, हे प्रभूचं उत्तर मिळाल्यावर तो थांबला. येशू तिसऱ्या प्रार्थनेनंतर उठला आणि धरायला येणाऱ्यांना सामोरा गेला. मला यातून एवढं कळतं: उत्तर आलं, मग ते नकाराचं असो, किंवा उठून करायचं काम समोर आलं, तर मागणं थांबवावं. नुसता कंटाळा आला म्हणून नाही. पंढरपूरपर्यंत मी एकाच आजारी माणसासाठी मागत गेलो. उत्तर आलेलं नाही, म्हणून सकाळी कामावर जाताना सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत चालत जातो आणि तेच मागतो.